मजकुरासाठी मोकळी जागा

३ तारीख, सोमवार

आलो एकदाचे! टेम्पोवाल्याने कपाट जिन्यात अडकवून ठेवलं आणि वर मलाच ऐकवलं की बाई, घर घेण्याआधी जिना मोजायचा असतो. शेवटी खालच्या कारखान्यातले मिस्त्री आले, त्यांनी कपाटाचे पाय काढले आणि पाच मिनिटांत कपाट वर. मिस्त्री म्हणजे आमचे घरमालक. खाली त्यांचा लाकूडकामाचा कारखाना, वर आमच्या दोन खोल्या. त्यांच्या बायकोला मी पहिल्याच तासात मावशी म्हणायला लागले, कारण तिने न मागता पिण्याचं पाणी, झाडू आणि शेजाऱ्यांच्या सगळ्या भानगडी पुरवल्या.

खोल्यांना उत्तरेकडून उजेड येतो. दिवसभर एकसारखा, मऊ, सावल्या न पाडणारा. एवढ्यावर मी घर पसंत केलं. धाकटी म्हणते, ताई, तू नवरा बघायला गेली असतीस तरी आधी उजेड कुठून येतो तेच बघितलं असतंस.

धाकटी माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा ती दुसरीत होती. वेण्या घालायला मी तिच्यापायी शिकले. आता ती औषधाच्या दुकानात काउंटरवर असते आणि मला अक्कल शिकवते. मी बारा वर्षं पासपोर्ट फोटोच्या दुकानात काढली. हनुवटी खाली, कान दिसू द्या, हसू नका. लोकांना 'हसू नका' सांगून सांगून माझंच तोंड तसं होत चाललं होतं. सोडली नोकरी. आता घरी बसून फोटो काढायचे आणि इंटरनेटवर विकायचे. नव्या घरात नवं काम, आणि मला भूक लागलीय सडकून!

५ तारीख, बुधवार

फोटो विकायचे म्हणजे काय, हे मावशीला सांगताना दमछाक झाली. एक साइट असते, तिथे आपण फोटो ठेवायचे. जगात कुणालाही माहितीपत्रकासाठी, कॅलेंडरसाठी चित्र लागलं की तो थोडे पैसे भरून उतरवून घेतो. मावशीने विचारलं, अनोळखी माणसाचा फोटो कुणी पैसे देऊन का घेईल? मी म्हटलं, ओळखीच्याचा घेतला तर तो दुसऱ्या दिवशी हक्क सांगायला दारात येतो. हे तिला लगेच पटलं.

सूर्यास्त कुणी घेत नाही. सूर्यास्त सगळ्यांकडे पडून आहेत. कामाचे हात मात्र विकले जातात. आणि फोटोत डावीकडे मोकळी जागा सोडायची, म्हणजे घेणाऱ्याला तिथे आपला मजकूर बसवता येतो. माणूस ओळखू येत असेल तर त्याच्या सहीचं संमतिपत्र जोडावं लागतं. त्यात एक ओळ असते की घेणारा चित्रात हवे ते बदल करू शकेल. ती कुणी वाचत नाही.

आज मिस्त्रींचे फोटो काढले, फिरत्या करवतीपाशी. करवत अर्थातच बंद होती. हात पात्यापासून फार लांब वाटत होता, म्हणून मी म्हटलं, मिस्त्री, दोन बोटं पुढे घ्या. त्यांनी घेतली. काय सुंदर हात आहे! नखांत भुसा, अंगठ्यावर जुना वण. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून सही ठोकली. मी पुन्हा पेनाने करायला लावली.

९ तारीख, रविवार

समोरच्या शेडमधल्या वेल्डरला सगळे 'गॉगल' म्हणतात, कारण त्याचा गॉगल सदानकदा कपाळावर असतो, डोळ्यांवर कधीच नाही. तेलाचं रिकामं पिंप कापताना त्याचा फोटो घेतला. ठिणग्या अशा उडाल्या की मला नाचावंसं वाटलं. सही करताना त्याने विचारलं, फोटो बघून कुणी मुलगी विचारायला आली तर पत्ता तुमचाच देऊ ना?

धाकटीला सुट्टी होती. ओढून खाली नेली आणि भोक पाडायच्या यंत्रापाशी उभी केली. केस मोकळे, तोंडावर हसू, हात यंत्राच्या मुठीवर. तिचे केस कमरेखाली येतात. सगळा उजेड त्यांच्यातच अडकला होता. बारा वर्षांत असा फोटो माझ्या हातून निघाला नाही. तिने आधीच बजावलं होतं, घरच्यासाठी काढ, साइटवर नाही. दुकानात येणारे लोक आधीच नको तितके बघतात म्हणे.

१२ तारीख, बुधवार

विक्री झाली! एकाच गिऱ्हाइकाने एका दिवसात तीन फोटो घेतले. नाव दिसत नाही, फक्त एक आकडा. मी जिन्यावरून ओरडत खाली गेले आणि मिस्त्रींना सांगितलं की तुमचा हात विकला गेला. मिस्त्री म्हणाले, मग आता मी कशाने काम करू? कारखान्यातले सगळे हसले.

१४ तारीख, शुक्रवार

रुग्णालयातून आत्ता आले.

सकाळी अकराला करवतीचा आवाज मध्येच बदलला. ओलं काहीतरी कापल्यासारखा. मग मिस्त्री ओरडले. मी खाली धावले. भिंतीवरून थेट छताच्या पत्र्यापर्यंत रक्ताची रेघ गेली होती. मिस्त्री मनगट धरून उभे होते आणि हाताकडे असे बघत होते की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. मावशी गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी भुसा उपसत होती. दोन बोटं तिला सापडली. तिसरं मला सापडलं. ते मी रुमालात घेतलं. अजून कोमट होतं.

डॉक्टरांनी सांगितलं, जोडता येणार नाहीत. मावशी रुग्णालयाच्या बाकावर बसून माझ्या साडीचा पदर घट्ट धरून होती. मला सारखं आठवत होतं, दोन बोटं पुढे घ्या. पण तेव्हा करवत बंद होती. बंदच होती.

१७ तारीख, सोमवार

आपला फोटो कुठे कुठे छापलाय ते साइटवर शोधता येतं. मन दुसरीकडे लागावं म्हणून शोधत बसले. मिस्त्रींचा फोटो सापडला. कामगारांना सावध करणाऱ्या पोस्टरांचं एक पान आहे. ना कंपनीचं नाव, ना पत्ता. माझी मोकळी जागा वापरलीय. तिथे मोठ्या अक्षरांत लिहिलंय: हात मागे घ्या.

चित्रात हाताला तीन बोटं नाहीत. पहिलं तिरकं कापलेलं, बाकी दोन मुळापासून. मागे भिंतीवर रक्ताची रेघ, पत्र्यापर्यंत.

आधी मी भयंकर चिडले. बातमी कळल्यावर कुणीतरी निर्लज्जाने चित्र बनवलं म्हणून. मग पोस्टरखालची तारीख पाहिली. अकरा. अपघात चौदाचा. आणि माझ्याकडे विक्रीची नोंद आली ती बाराला. म्हणजे घेण्याआधीच त्याने बनवून ठेवलं होतं. रुग्णालयात जाऊन मिस्त्रींच्या पट्टीखाली काय आहे ते नर्सला विचारलं. तिने आपल्या बोटावर रेघ ओढून दाखवलं, पहिलं असं, तिरकं.

१८ तारीख, मंगळवार

पानावर दुसरं पोस्टर आलं. गॉगलचं. 'रिकामं पिंप रिकामं नसतं.' पिंप फाटलेलं आहे आणि गॉगलला खांद्यांच्या वर

मी पळत शेडमध्ये गेले. फोन त्याच्या डोळ्यांपुढे धरला. त्याने नीट पाहिलं आणि म्हणाला, माझं डोकं उडवलं तरी शर्टाची इस्त्री मोडली नाही बघा. वीस वर्षं पिंपं कापतोय, म्हणाला. मी हात जोडले तेव्हा थोडा ओशाळला. तुमच्या मानाखातर म्हणून त्याने गॉगल डोळ्यांवर ओढला. उद्या पिंप कापायचं नाही, असं वचन घेतलं.

१९ तारीख, बुधवार

तो कापत नव्हता. त्याने वचन पाळलं. पिंप नुसतं शेडबाहेर पडलं होतं आणि तो शेजारी गेटचं काम करत होता. एक ठिणगी उडाली, पिंपात उरलेल्या तेलाच्या वाफेपर्यंत.

मी रस्त्याच्या अलीकडे होते, पावाची पिशवी हातात. आवाज कानांना नाही, छातीला लागला. पिंपाचं झाकण विजेच्या खांबावर जाऊन आदळलं. ते गॉगलच्या डोक्यातून गेलं होतं. खाली पडलं तेव्हा त्याच्यावर केस होते. त्याचं धड दोन पावलं चाललं. खरंच चाललं. मग बसल्यासारखं खाली बसलं.

शर्टाची इस्त्री मोडली नव्हती.

२० तारीख, गुरुवार

तिसरं पोस्टर.

'केस बांधा.' यंत्राच्या फिरत्या दांड्याभोवती केसांचा जाड गुंडाळा आहे आणि त्याला डोक्याची कातडी लोंबतेय, कपाळापासून मानेपर्यंतची. खाली धाकटी. तोंड उघडं. भुवया जागच्या जागी नाहीत.

त्या रविवारी मी इथे एक गोष्ट लिहिली नव्हती. तो फोटो मला सोडवेना. ती झोपल्यावर साइटवर चढवला. संमतिपत्र लागत होतं, तर तिची सही मीच केली. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकावर आईच्या जागी सही करायचे, तशीच. वाटलं, कुणाला कळणार आहे? चार पैसे आले की तिलाच काहीतरी घेऊ.

२१ तारीख, शुक्रवार

साइटला कळवलं, फोटो काढून टाका. उत्तर आलं की विकलेला फोटो परत घेता येत नाही. पोलिसांत गेले. तिथला हवालदार पोस्टर दोनदा वाचून म्हणाला, यंत्रावर केस बांधायला सांगणं हा काही गुन्हा नाही.

धाकटीला दाखवलं. ती घाबरली नाही, पेटली. सहीशिवाय माझा फोटो लोकांपर्यंत गेलाच कसा, म्हणून विचारलं. मी म्हटलं, साइटची चूक. खोटं बोलले, तिच्या डोळ्यांत बघून. कुणीतरी विकृत माणूस आहे, ती म्हणाली, आणि तू दोन अपघात बघून हबकली आहेस. केस बांध म्हटलं तर बांधले. पण गॉगलनेही वचन पाळलं होतं.

२२ तारीख, शनिवार

दुपारी ती झोपली. मी कात्री घेतली. केसच नसतील तर काय अडकणार?

अर्धी वेणी कापली आणि ती जागी झाली. मला ढकललं. मी सोडलं नाही. गुडघा तिच्या पाठीवर ठेवला, मूठ केसांत घातली आणि कापत राहिले. ती ओरडत होती, ताई, ताई, आणि मी कापत होते. कात्री कानात गेली. कानाची पाळी अर्धी लोंबायला लागली. गादीवर, माझ्या बोटांवर, सगळीकडे रक्त आणि केस. तिने माझ्या हाताला दात रोवले तेव्हा मी थांबले.

मावशी तिला टाके घालायला घेऊन गेली. तिथून ती दुकानातल्या मैत्रिणीकडे राहायला गेली. जाताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाऊ दे. केस गेले ना. मी वेणी कागदात बांधून ठेवली आणि रडले, पण सुटल्यासारखं रडले.

२३ तारीख, रविवार

पोस्टर बदललं.

'बाही आवरा.' आता तिचे केस बारीक आहेत, वेडेवाकडे कापलेले. कानावर पट्टी. बाही दांड्यात गेलीय आणि तिच्यामागून हात, खांद्यासकट. पांढरं हाड दिसतं.

पट्टी त्याला कशी कळली?

२४ तारीख, सोमवार

संमतिपत्र शंभरदा वाचलं. सही खरी नसेल तर संमती रद्द. एवढी एकच फट आहे.

लिहून टाकलं. सही तिची नाही. माझी आहे. तिला विचारलं नव्हतं. जो काय दंड असेल तो मला करा. तिला सोडा.

मैत्रिणीच्या घरी फोन करते. धाकटी घेत नाही. पण मैत्रीण सांगते, बरी आहे, दोन्ही हात आहेत ना म्हणून सारखं काय विचारता?

२५ तारीख, मंगळवार

उत्तर आलं. जसंच्या तसं उतरवते. 'आपल्या प्रामाणिकपणाबद्दल आभार. सही आपली असल्याने संमतीही आपलीच समजण्यात येईल. खरेदीदारास तसे कळवले आहे.'

पान उघडलं. धाकटीचं पोस्टर नाही! जुनं नाही, नवं नाही, कुठेच नाही. खुर्चीत बसून खदखदून हसले. माझी धाकटी सुटली.

मावशीला सांगून घर सोडलं. खाली इतकी यंत्रं, माझ्यापायी तिथे पुन्हा कुणाला काही नको. बसस्थानकाजवळच्या लॉजमध्ये खोली घेतली. खाट, टेबल, खुर्ची. एकही यंत्र नाही.

२६ तारीख, बुधवार, सकाळ

नवं पोस्टर. हा फोटो मी काढलेला नाही. कुणीच काढलेला नाही. ही खोली आहे. टेबलाशी बसलेली बाई पाठमोरी, मानेवर माझा अंबाडा. डावीकडे मोकळी जागा. तिथे मजकूर: वर बघा.

वर पंखा आहे. छताच्या हुकाला लटकलेला. चित्रात तो खाली आलाय आणि एक पातं बाईच्या मानेत आहे.

बटण बंद केलं. टेबल कोपऱ्यात ओढलं. चित्रातही टेबल कोपऱ्यात. पंखाही कोपऱ्यात.

दुपार

बाहेर गॅलरीत जाऊन आले. फोनवर पाहिलं — गॅलरी, तुटका कठडा, खाली कुंपणाच्या गजांवर मी. लॉजवाला माझ्याशेजारी चहा पीत उभा होता. चित्रात तोही होता. गजांवरच.

परत खोलीत आले. लॉजवाला चित्रातून गेला. पुन्हा मी एकटी, पुन्हा पंखा.

म्हणजे माझ्याजवळ जो असेल, तो — कुणी नको जवळ. कुणीच नको.

तीन वाजता

जिन्यावर पावलं. तीच आहे. चप्पल घासत चालते, लहानपणापासून. मावशीने पत्ता दिला असणार. दाराबाहेरून हाक मारतेय. कपडे आणलेत म्हणे. जेवलीस का विचारतेय. कान बरा आहे, ताई, मी रागावले नाही, दार उघड.

कडी लावली आहे. फोन बघितला. चित्रात दोघी आहेत. दुसरीच्या कानावर पट्टी.

जा म्हटलं. जात नाही. रडतेय. दाराला पाठ लावून खाली बसलीय, दाराच्या फटीतून तिची ओढणी आत आलीय. दोघी. अजून दोघी. पंख्याचा हुक वाकलाय.

आता बोलले. सगळं. सही मीच केली. तू नाही म्हणालीस तरी केली. तुझे केस चांगले विकले गेले. आई गेल्यापासून तू माझ्या गळ्यात पडलीस, तुझ्यापायी माझं काही झालं नाही, तुझं तोंड बघायची मला हौस नाही. दुसरीत होतीस तेव्हाच मामाकडे पाठवून मोकळी व्हायला हवं होतं मी

ती उठली

ओढणी आत होती ती निघून गेली

जिना. एक मजला. दुसरा. रस्त्यावर आली — खिडकीतून दिसतेय, बारीक केस — मागे बघू नकोस, बाई माझी, बघू नकोस, चाल

बघितलं नाही. वळली कोपऱ्यावरून.

चित्रात एकच आहे. मी. एकटी मी. बटण बंद आहे तरी पातं हल